उलटी धरलेली बॅग

एका माणसाबद्दल मी 'यांना ओळखत नाही' असं म्हणालो, तेव्हा तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता आणि माझी बॅग त्याच्या मांडीवर होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. यात सांगण्यासारखं काय आहे, असंही कोणी म्हणेल. सिटी बसमध्ये रोज शंभर माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. पण मी ओळखत होतो, चांगला आठ महिने ओळखत होतो. आणि तेवढंच असतं तरी मी गप्प राहिलो असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी जे झालं ते जास्त वाईट आहे, आणि तिथपर्यंत जायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

मी एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करतो. जुन्या फाइली काढायच्या, नकला द्यायच्या, फाइली परत ठेवायच्या. वाकणं, उचलणं, पुन्हा वाकणं. त्यानेच असेल, सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या मणक्यात गॅप आली आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. स्कूटर जिन्याखाली गेली आणि मी बसने जायला लागलो. तेव्हा वर्धा रोडवर मेट्रोचे खांब उभे राहत होते. मनीषनगरातून निघायचं, रेल्वेच्या फाटकापाशी थांबायचं, मालगाडी जाऊ द्यायची, पलीकडे रोडवर येऊन धुळीत उभं राहायचं आणि बर्डीची, म्हणजे सीताबर्डीची बस पकडायची. बर्डीहून पुढे ऑफिसपर्यंत पायी. सकाळी घरून निघतानाच मी थकलेला असायचो. तोच थकवा दिवसभर ऑफिसात फिरवून संध्याकाळी घरी परत आणायचो.

माझी बॅग निळी होती. तिच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात चक्र छापलेलं होतं. आमच्या ऑफिसातले एक सहकारी दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर सेवा द्यायला जातात. तिथल्या उरलेल्या बॅगांपैकी एक त्यांनी मला दिली होती. कापड मजबूत, डबा उभा राहतो, छत्री मावते. बायकोने एकदोनदा म्हटलं की, दुसरी न्या ना, लोकांना काहीतरी भलतंच वाटेल. मी म्हटलं, बॅग आहे, बॅगेसारखी वापरतो. हे म्हणताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, तेही सांगून टाकतो. फक्त तिची चेन बिघडली होती. अर्ध्यावर यायची आणि मागून उघडत जायची.

पहिल्या दिवसांतली एक सकाळ. बस गच्च भरलेली. मी वरच्या दांडीला एका हाताने लटकून, दुसऱ्या हाताने बॅगेचं उघडं तोंड धरून उभा. समोरच्या सीटवर साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा. त्यांच्या मांडीवर आधीच तीन बॅगा होत्या, एक पर्स होती आणि कोणाचा तरी स्टीलचा डबा होता. बसलेल्याने उभ्या माणसाचं सामान धरायचं ही आमच्याकडची रीतच आहे, त्यात नवल नाही. पण हे गृहस्थ मागून घेत होते. त्यांनी माझ्या बॅगेकडे एकदा पाहिलं, मग चेनकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

"आणा इकडं. कवापासून पाहून राहिलो, तिचं तोंडच मिटून नाही राहिलं."

बॅग दिली. त्यांनी खिशातून छोटी पकड काढली, चेनचा रनर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, पुढेमागे करून पाहिला, पुन्हा दाबला. बस खड्ड्यांतून चालली होती, चार लोकांचं सामान मांडीवर हिंदकळत होतं, आणि हा माणूस घड्याळजीसारखा चष्म्याखालून बघत काम करत होता. अजनी चौक यायच्या आत चेन नवीनसारखी चालायला लागली. मी पैसे विचारले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. बर्डीवर फुटपाथवर त्यांची बसायची जागा होती. बॅगांच्या, जॅकेटांच्या, सोफ्याच्या खोळींच्या चेना दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा. दुकानावर आलात तर पैसे घेईन, म्हणाले, बसमध्ये मी पॅसेंजर आहे.

उतरताना बॅग माझ्या हातात देत ते म्हणाले, "बरं, जय भीम."

मी म्हणालो, "जय भीम."

नागपुरात यात काही विशेष नाही. कोणी राम राम घातला की राम राम म्हणायचं, कोणी जय भीम म्हटलं की जय भीम म्हणायचं. ऑफिसात मी दिवसातून चार वेळा म्हणतो. पण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मी तर बॅग पाहूनच ओळखलं होतं, असं ते म्हणाले, आणि गर्दीने आम्हाला दोन दिशांना ढकललं.

मी बौद्ध नाही. आमच्या घरी गणपती बसतो, महालक्ष्म्या असतात, मुलीची पत्रिका आम्ही तीन ठिकाणी दाखवली होती. पण हे त्या वेळी सांगणार कसं? 'नाही हो, मी तसा नाही' असं म्हणायचं? त्या 'तसा'मध्ये काय काय येतं ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दाराशीच पाहिलं, दोन माणसांच्या डोक्यांवरून हात लांब करून माझी बॅग घेतली आणि शेजारच्या कॉलेजच्या मुलीला सरकायला सांगून मला अर्धी सीट करून दिली. तुमच्या पाठीचं दुखणं आहे ना, म्हणाले. पाठीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. दांडीला लटकताना मी कसा उभा राहतो, त्यावरून त्यांनी ओळखलं होतं. घरात त्या वेळी कोणी माझ्या पाठीकडे पाहत नव्हतं. पाहतील कशाला, मीच कोणाला काही बोलत नव्हतो.

त्या दिवशीही सांगितलं नाही.

मी त्यांना काकाजी म्हणायला लागलो. ते आधी मला साहेब म्हणत, मग भाऊ, मग सरळ 'काय गा' वर आले. ते चिंचभवनहून, बस जवळजवळ रिकामी असताना चढायचे, म्हणून त्यांना रोज जागा मिळायची, आणि ती जागा म्हणजे त्यांचं फिरतं दुकानच होतं. नर्सची पर्स, कॉलेजच्या मुलांच्या सॅक, कोणाच्या रेनकोटाची चेन. एकदा कंडक्टर त्यांच्या मांडीवरचा ढीग पाहून म्हणाला की, काकाजी, एवढ्या बॅगा, लगेजचं तिकीट फाडू का? काकाजींनी मान वर न करता सांगितलं, "फाड ना. अन् तुह्या पिशवीची चेन लावून देल्ली, त्याची मजुरी कोण देते, तुहा सासरा?" अर्धी बस हसली. मीही हसलो. सकाळी पावणेदहाच्या आत मी किती वर्षांनी हसलो, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मला तिथे बरं वाटायचं, ही साधी गोष्ट आहे आणि मी तिला दुसरं नाव देणार नाही. तेवढी पंचवीस-तीस मिनिटं मी कोणाचा तरी होतो. चुकीच्या समजुतीवर का होईना.

एकदा त्यांनी विचारलं, "आजोबा होते का तुमचे, छप्पनले?"

छप्पनले म्हणजे छप्पन साली बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला, हे नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही. ते स्वतः तेव्हा तीन वर्षांचे होते, बापाच्या खांद्यावर. बाकी काही आठवत नाही, फक्त पांढरं आठवते, म्हणाले. जिकडे पाहावं तिकडे पांढरी लुगडी, पांढरी धोतरं, आणि आपल्याला तहान लागली होती आणि कोण्या अनोळखी बाईने तांब्याने पाणी पाजलं, एवढंच. त्यांच्या बापाने त्या दिवसासाठी घेतलेलं धोतर पुढे फाटेपर्यंत घरात दुसऱ्या कशाला वापरलं नाही.

माझे आजोबाही तेव्हा नागपुरातच होते. त्यांनी त्या दिवशी घराची पुढची दारं लावून घेतली होती आणि पोरांना रस्त्यावर जाऊ दिलं नव्हतं. आमच्या घरात ही गोष्ट गंमत म्हणून सांगायचे. आजोबा किती भित्रे होते, म्हणून. मी काकाजींना म्हणालो, "होते. इथंच होते." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. असं खोटं बोलायला मी रेकॉर्ड रूममध्ये शिकलो असेन. मागितला तेवढाच कागद द्यायचा, त्याच्या मागचा पुढचा आपणहून काढायचा नाही.

त्याच सुमारास मुलीचं लग्न जुळत होतं. आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी, वरच्या मजल्यावर राहतात, त्यांच्या बहिणीचा मुलगा नाशिकला बँकेत. स्थळ चांगलं. मुलगी एकोणतिसाव्या वर्षात होती आणि आधी दोन ठिकाणी होकारापर्यंत जाऊन मोडलं होतं. दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा तिने आठ दिवस कोणाशी बोलणं टाकलं होतं. या वेळी मोडायला नको, एवढंच आम्हा नवराबायकोला कळत होतं. हेही मी काकाजींना सांगितलं होतं. घरी बोलताना शब्द तोलून बोलावे लागत, बसमध्ये बोलून टाकायचो. शेजाऱ्याने स्थळ आणलंय, त्याच्याच घरातलं आहे, आता त्याला नमस्कारसुद्धा जपून घालावा लागतो, असं मी म्हणालो होतो. काकाजी म्हणाले, पोरीच्या बापाले कंबर वाकवाच लागते, तुमची तर अगोदरच वाकली आहे. आणि मग पाठीला कोणतं तेल लावायचं ते सांगत बसले.

फेब्रुवारीतली गोष्ट. सेक्रेटरींची कार गॅरेजमध्ये होती. सकाळी खाली भेटले, म्हणाले, चला, आज तुमच्यासोबत बसने येतो, बऱ्याच वर्षांत बसलो नाही. फाटक बंद होतं. उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं की बहिणीकडे सगळं जवळजवळ ठरल्यासारखंच आहे. फक्त त्यांच्या मेव्हण्यांचा स्वभाव जरा जुन्या वळणाचा आहे. ते घराणं, नातेवाईक, उठणंबसणं, सगळं बघतात. तुमचं काय, तुमचं सगळं माहीतच आहे आम्हाला, असंही म्हणाले. मालगाडी फार लांब होती. मी डबे मोजत होतो आणि हो हो म्हणत होतो.

बस आली. आम्ही दोघं चढलो. मी पुढे, ते माझ्या मागे. काकाजी नेहमीच्या सीटवर होते. मला पाहून त्यांनी नेहमीसारखा हात लांब केला, खांद्यावरून बॅग उतरवून घेतली आणि म्हणाले, "जय भीम. आज उशीर केला गा?"



मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मेट्रोचा खांब होता, त्यावर आकडा रंगवलेला होता. तो आकडा मला आजही आठवतो आणि त्याचा काही उपयोग नाही.

मागून सेक्रेटरींनी विचारलं, "ओळखीचे दिसतात?"

"नाही हो," मी म्हणालो. "यांना मी ओळखत नाही. गर्दीत देतो आपण कोणाकडे तरी."

आवाज मी हळू ठेवला होता. पण हातभर अंतरावर हळू आवाज म्हणजे काय! काकाजींनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागच्या माणसाकडे. त्यांना सगळं समजायला किती वेळ लागला? मला वाटतं, चेनचा रनर दाबायला लागतो तेवढाही लागला नाही. ते सेक्रेटरींकडे बघून अगदी सहज, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "वळखीचे नाही जी. गर्दी हाय ना, म्हणून बॅग धरली यायची. तुमची बी द्या, उभ्यानं कवापर्यंत धरान?"

सेक्रेटरींनी आपली बॅग छातीशी घेतली. नको नको, असू द्या, म्हणाले.

आणि मग काकाजींनी एक गोष्ट केली. माझी बॅग त्यांच्या मांडीवर चक्राची बाजू वर करून होती. त्यांनी ती उलटी केली. चक्र खाली, मांडीकडे. वर हाताची घडी ठेवली आणि समोर बघत बसले.

राहाटे कॉलनीच्या पुढे सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "बॅगेत काही किमती नाही ना? नाही, आपलं सांगून ठेवलं."

मी हसलो.

यावर मला काही म्हणायचं नाही. मी हसलो, एवढं लिहून ठेवतो. बर्डीला काकाजींनी बॅग दिली, तीही उलटीच, चक्र माझ्या पोटाकडे येईल अशी. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. सेक्रेटरींना काही दिसलं नाही.

त्या दिवशी ऑफिसात मी एका बाईला चुकीच्या फाइलची नक्कल दिली. संध्याकाळी बायकोने विचारलं, पाठ दुखते का? हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं फार वाटलं. तरी गेलो, त्याच बसने. माफी मागायची असं घरून ठरवून निघालो होतो. वाक्यंसुद्धा तयार होती. माफीही मागायची आणि खरंही सांगायचं. काकाजी, मी बौद्ध नाही, ती बॅग मला मित्राने दिलेली आहे, आठ महिने मी तुम्हाला फसवलं, आणि काल तुम्हाला ओळखत नाही म्हणालो.

त्यांनी बॅग घेतली. जय भीम म्हणाले नाहीत. नुसतं 'या' म्हणाले. बॅग आज पहिल्यापासूनच उलटी ठेवली. शेजारची जागा अजनीला रिकामी झाली, तिथे मला बसवलं. मी बोलायला तोंड उघडलं तसा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि इकडेतिकडे पाहून अगदी हळू आवाजात बोलायला लागले.

"काही वाईट नको वाटून घेऊ गा. म्या समजलो सारं. माह्या पोरानं पुण्यात खोली भेटावी म्हणून दोन वर्सं घरमालकाले आडनाव वेगळं सांगतलं. दारात घरमालकीण आली की भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो कपाटात ठेवे. म्या गेलो तं मले बी सांगे, बाबा, खाली उतरताना कोणाले जय भीम नका घालू. लय राग आला मले तवा. मंग नाही आला. माणसाले राहाच लागते कुठंतरी."

ते पुढे म्हणाले की सोसायटीत तू कसा राहत असशील, ते कालच कळलं मला. पोरीचं लग्न आहे, सांभाळूनच राहावं लागते. मी कोणाले सांगत नाही. आजपासून बसमध्ये मी मोठ्यानं काही बोलत नाही, तू पण बिनधास्त राहा.

त्यांना वाटलं, मी त्यांच्यातलाच आहे आणि मनीषनगरच्या अपार्टमेंटमध्ये आडनाव लपवून राहतो आहे. मी त्यांना नाकारलं ते भीतीपोटी, घर जाऊ नये, पोरीचं लग्न मोडू नये म्हणून. त्यांच्या मुलाला जी माफी द्यायला त्यांना दिवस लागले, ती त्यांनी मला एका रात्रीत दिली होती.

सांगायची वेळ तीच होती. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. बोटं कामाने काळी पडलेली, नखांत चेनला लावायचं मेण. माझी सगळी वाक्यं तोंडपाठ होती. आणि मी म्हणालो, "काय करता, काकाजी."

काय करता. हे दोन शब्द. जणू माझ्यावर खरोखरच कोणी काही लादलं होतं. मला कधी कोणी आडनाव विचारून घर नाकारलेलं नाही. माझ्या बापाला नाही, आजोबांना नाही. दारं लावून घेणारे आम्ही होतो. आणि ज्यांच्या तोंडावर दारं लागली त्यांनी एकमेकांसाठी राखून ठेवलेली माया मी त्या सीटवर बसून घेतली. मान खाली घालून घेतली, म्हणजे ती आणखीच खरी वाटली असेल.

आदल्या दिवशी मी घाबरलो होतो, ते एक वेळ समजता येईल. दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या मागे कोणीच नव्हतं.

त्यानंतर आठ-दहा दिवस मी त्या बसने गेलो. काकाजी बॅग घ्यायचे, उलटी ठेवायचे. जय भीमऐवजी दोन बोटं बॅगेवर हलकेच टेकवायचे. ती आमच्या दोघांची खूण झाली. कोणी नवीन माणूस मनीषनगरच्या स्टॉपवर चढला की आधी त्याच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. हा चालेल का, असं विचारल्यासारखं. एवढी माझी काळजी कोणी घेतली नव्हती. ते मला सहन होईना. मी पाठीचं कारण सांगून ऑफिसातल्या एकाच्या कारमध्ये जायला लागलो. काकाजींना काही न सांगता. काही महिन्यांनी मेट्रो सुरू झाली. मेट्रोत गारवा असतो, बसायला जागा मिळते, आणि कोणी कोणाची बॅग धरत नाही.

लग्न जमलं. नीट झालं. मुलगी नाशिकला सुखात आहे, जावई भला आहे. सेक्रेटरींचे मेव्हणे फार कडक निघाले नाहीत, लग्नात त्यांनीच माझ्या पाठीला उशी आणून दिली. त्यांना त्या दिवशी बसमध्ये मी जय भीम म्हणालेलं चाललं असतं की नसतं, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या गप्प बसण्याने माझं काहीही नुकसान झालं नाही. झालं असतं तर बरं, असं कधी कधी मनात येतं, पण तेही खोटंच आहे. मुलीचं लग्न मोडलेलं मला चाललं नसतं.

लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा एक मी ऑफिसच्या बॅगेत ठेवली. काकाजींना द्यावी असं फार मनात होतं. पोरीच्या लग्नाला या, एवढं म्हणायचं. पण पत्रिकेवर वरती सोनेरी गणपती होता, खाली कुलदैवतांची नावं. ती हातात घेतली की त्यांना सगळं कळलं असतं. चष्मा पुसायचीही गरज नव्हती. म्हणजे खरं सांगायचं काम माझ्याऐवजी पत्रिकेनेच केलं असतं. एका दुपारी बर्डीवर गेलोही. रस्त्याच्या पलीकडे, चपलांच्या ठेल्याआड उभा राहिलो. ते फुटपाथवर बसलेले होते, पुढे एका पोत्यावर चेनांची भेंडोळी, एका बाईची लाल बॅग डोळ्यांजवळ धरून काही करत होते. बाई काही म्हणाली, त्यांनी काही उत्तर दिलं, ती हसली. मी परत आलो. पत्रिका ड्रॉवरमध्ये राहिली. आहे अजून.

मग कोरोना आला, दोन वर्षं तशीच गेली. गेल्या वर्षी दिवाळीआधी बायकोसोबत बर्डीला गेलो होतो. ती कापडाच्या दुकानात होती तेवढ्यात मी फुटपाथवरून एक चक्कर मारली. त्या जागी दुसरा एक माणूस मोबाइलची कव्हरं विकत बसला होता. शेजारी छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. त्याला विचारलं, इथे चेनवाले काकाजी बसायचे ते?

तो म्हणाला, "हाय ना. घरीच असते आता, चिंचभवनले. डोयाचं ऑपरेशन बिघडलं, काही दिसत नाही म्हणते. तुमी कोण?"

मी म्हटलं, बसमधला ओळखीचा.

मग त्याने घराचा पत्ताच सांगितला, न विचारता. विहाराच्या मागची गल्ली, दारात पेरूचं झाड. कोणालाही विचारा, म्हणाला, आणि जाल तर सांगा, छत्रीवाल्याने आठवण केली. म्हणजे त्याचा निरोपही माझ्याजवळ आहे.

या गोष्टीला वर्ष होत आलं. मनीषनगरहून चिंचभवन किती लांब आहे? मेट्रोने दोन-चार स्टेशनं, उतरून थोडं चालायचं. मी गेलेलो नाही. कारणं सगळी आहेत. पाठ आहे, रविवारी पाहुणे असतात, पाऊस असतो, ऊन असतं. खरं कारण एकच. ते आता बघू शकत नाहीत, माझा आवाज ऐकून ओळखतील आणि हात पुढे करतील, 'काय गा, पोरगी कशी आहे' म्हणून विचारतील, आणि मी पुन्हा त्यांच्यातला होऊन बसेन. माझा माझ्यावर विश्वास नाही. किंवा मी सांगेन, आणि एका आंधळ्या माणसाला या वयात कळेल की ज्याच्यासाठी त्याने बॅग उलटी धरली, तो कोणी भलताच होता. दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट, ते ठरवत मी वर्ष काढलं. हे ठरवणंही बहुधा न जाण्याचीच सोय असावी.

बायको हे वाचेल तेव्हा विचारेल की, आता कशाला? तिला काय सांगायचं ते मला माहीत नाही. मुलगी वाचेल तर तिला एवढंच सांगायचं आहे की यात तुझं काही नाही. तुझं नाव पुढे करून मी गप्प बसलो, तू काही मला गप्प बस म्हणाली नव्हतीस.

काकाजींना मी दोन वाक्यं देणं लागतो, समोर बसून, माझ्या तोंडाने. मी तुमच्यातला नव्हतो. आणि त्या दिवशी मी तुम्हाला ओळखत होतो.